आवाजाचा नमुना

"हे वाचा. तुमच्या नेहमीच्या आवाजात," तपास अधिकारी मनस्विनी मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी कागद मधुसूदनपुढं सरकवला.

लाचलुचपतच्या ऑफिसातली ती खोली. खिडक्या बंद, दार बंद, रेकॉर्डिंगमध्ये घरघर नको म्हणून पंखासुद्धा बंद. साक्षीला दोन सरकारी पंच बसले होते, पाटबंधारे खात्यातल्या रत्नमालाबाई आणि एक पोक्त कारकून. मधुसूदन भर दुपारी घामानं निथळत होता, पण गडी मनातून खुशीत होता.

कागदावर फोनवरचं एक बोलणं उतरवलेलं होतं. हर्सूलच्या एका प्लॉटवरचं शाळेचं आरक्षण उठवायचं आणि त्याबदल्यात आमदार भाऊसाहेबांना काय पोचवायचं, ते त्यात ठरलं होतं. पलीकडून बोलणारा हिमांशू, बिल्डरांची कामं करून देणारा दलाल. त्यानं सगळं टेप केलं आणि इथं आणून दिलं. आणि भाऊसाहेब काय म्हणाले? "तो आवाज माझा नायच. माझा पीए मधुसूदन माझ्या आवाजात बोलतो, साऱ्या जिल्ह्याला म्हाईत हाय." घ्या! चोराच्या उलट्या बोंबा.

बोलायचा, हे मात्र खरं. भाऊसाहेबांना कुठं वेळ? कार्यकर्त्याचा वाढदिवस असला की मधुसूदन फोन लावायचा आणि भाऊसाहेबांच्या भरड्या, सोयगावकडच्या बोलीत शुभेच्छा द्यायचा. मग तहसीलदाराला दम देऊ लागला, मग बदल्या, मग हिमांशूसारख्यांशी गोड बोलणं. त्याचा स्वतःचा आवाज किनरा, भिक्षुकाच्या घरातला, अगदी सोवळा. त्या आवाजाला कुणी चहासुद्धा पाजला नसता.

पण हा एक फोन त्याचा नव्हता. त्या दिवशी त्याचा घसा बसला होता, तोंडातून नुसती हवा निघत होती. म्हणून भाऊसाहेबांना स्वतः बोलावं लागलं, आणि सवय मोडलेली असल्यानं ते नको ते सगळं बोलून बसले. खाई त्याला खवखवे म्हणतात. इथं खाणारा एक आणि खवखव दुसऱ्याच्या घशात! आज आवाज जुळला तर जेलात मधुसूदन, नाही जुळला तर भाऊसाहेब. "आपल्या आवाजात वाचा आणि सरळ घरी या," त्याची बायको भानुमती सकाळी म्हणाली होती. त्यानं मान हलवली होती.

त्यानं चष्मा सारखा केला आणि वाचलं, "काम झालं म्हणून समजा."

रत्नमालाबाई ताडकन उठून उभ्या राहिल्या. दाराकडं बघितलं. दार बंदच होतं.

"सॉरी," त्या ओशाळून म्हणाल्या. "भाऊसाहेब आत आले असं वाटलं."

"मस्करी नको," मॅडमचा आवाज चढला. "तुमच्या आवाजात वाचा."

"मस्करी करत नाय मॅडम," तो म्हणाला आणि दचकला. नाय? जन्मात कधी त्यानं स्वतःहून 'नाय' म्हटलं नव्हतं. पुन्हा नीट 'नाही' म्हणायला गेला. 'नाय'च आलं.

तो पाणी प्याला. खाकरला. आईला हाक मारताना आपला आवाज कसा यायचा, ते डोळे मिटून आठवू लागला. आठवेना. मग शाळेत घोकलेले पाढे म्हणून बघितले. बे एक बे, बे दुणे चार. त्या बंद खोलीत भाऊसाहेब पाढे म्हणत होते, कुणाला तरी दम दिल्यासारखे. कुणीही हसलं नाही.

कधीपासून हे असं? घरी आपण शेवटचं कधी बोललो? दिवसभर फोनवर बोलून जीव दमायचा, घरात नुसतं हूं आणि मान. ओठ आपले, जीभ आपली, आणि आत दुसराच कुणीतरी ऐसपैस मांडी घालून बसलाय.

मॅडमनी मशीन बंद केलं. "झालं. हा नमुना लॅबला जाईल."

"मॅडम, आईची आण घेतो, ह्यो मी नाय!"

कारकुनानं मान वर न करता सही केली. रत्नमालाबाईंनी सही करण्याआधी पुन्हा एकदा दाराकडं बघितलं.

बाहेर व्हरांड्यात त्यानं शिपायाचा मोबाईल मागून घेतला, स्वतःचा तर जप्त होता. भानूचा आवाज कानावर पडला की आपलाही मोकळा होईल, असं त्याला वाटलं. बायकोशी माणूस दुसऱ्याच्या आवाजात कसा बोलेल?

"हॅलो," तो म्हणाला. "अगं, मी बोलतोय."

पलीकडं बांगड्या वाजल्या, तिनं पदर सावरला असावा.

"नमस्कार भाऊसाहेब. ओळखला मी आवाज," भानुमती म्हणाली. "हे तिकडंच गेलेत हो, नमुना द्यायला. भाऊसाहेब, पदर पसरते तुमच्यापुढं, यांना यातून सोडवा. देवमाणूस आहेत हे. यांना स्वतःच्या तोंडानं काही मागता येत नाही, म्हणून मी मागते." आणि ती हुंदके देऊन रडू लागली.

भानू, मी गं, मी! मधुसूदन सगळा जीव एकवटून ओरडला. गळ्यापर्यंत ते आलं.

"रडू नका वहिनी," तो म्हणाला. "मी हाय ना."