जोड, ओढ, तूट

“हो सर. घरजावयाला काढून बघितलं. काही फरक पडत नाही.”

फोनवरचं तिचं बोलणं ऐकून ओट्यापाशी ताट पुसणारा तिचा नवरा थांबला. नोकरी सुटल्यापासून तो इथेच, सासऱ्यांच्या घरी होता. ताटं पुसायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

“लिहून टाकते तसंच,” म्हणत तिने फोन ठेवला आणि चपलांसकट खुर्चीत बसली.

“बॅग माळ्यावरच आहे ना?” त्याने विचारलं.

“कुठली?”

“माझी.”

तिला कळायला वेळ लागला. हसू आलं, पण हसायलाही त्राण लागतं.

“अरे, तो रेणूवरचा घरजावई. लॅबमध्ये म्हणतो आम्ही.”

“का?”

“सोन्याचं टोक, सोन्याचा पत्रा. मध्ये एकच रेणू. वीज त्याच्या कण्यातून जाते. हा घरजावई म्हणजे कण्याला बाजूने चिकटलेला चार अणूंचा गट. वीज याच्या वाटेला जात नाही.”

“बसून खातो.”

“वरवर तसंच दिसतं.”

“आणि तुम्ही दिवसभर काय करता?”

“टोक टेकवायचं, ओढायचं, तुटू द्यायचं. तुटता तुटता रेणू मध्ये अडकतो. तेवढ्यात मोजायचं.”

जोड.

ओढ.

तूट.

जोड. ओढ. तूट. तिचा उजवा हात मांडीवर आपोआप वरखाली होत होता. त्याने तो बघितला.

“मग फरक नाहीच पडत?”

“पडत असेल. घरजावई असला की वीज थोडी जास्त जात असेल. पण इतकी थोडी, की पाच-पन्नास मोजण्यांत गोंधळात हरवते. हजारो वेळा तोडावं लागतं, मग कुठे उमटते.”

“तोडलंस हजारो वेळा?”

मांडीवरचा तिचा हात थांबला.

“मग फरक नाही असं का सांगितलंस?”

“दमले रे.”

त्याने ताट फळीवर ठेवलं. फडकं पिळलं, झटकलं, दांडीवर घातलं. मग माळ्याखाली स्टूल ओढलं. स्टुलाचे पाय फरशीवर करकरले.

आतल्या खोलीतून तिच्या वडिलांचा आवाज आला, जरासा उत्साहीच. “कोण निघालंय गं?”

नवरा स्टुलावर एक पाय ठेवून उभा होता.

“कोणी नाही, बाबा,” ती म्हणाली, आणि ‘फरक नाही’ हे मागे घ्यायला सरांना पुन्हा फोन जोडला.