चौदाव्या किलोमीटरचं पाणी

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात शिरूर अनंतपाळला बारा दिवसांनी पाणी यायचं. ते आणणाऱ्या जलवाहिनीवर पंचशीला गवळे ही अभियंता संगणकावरून नजर ठेवायची. आत शिरलेलं पाणी आणि पोचलेलं पाणी यांचा मेळ बसला नाही, की गळती कितव्या किलोमीटरवर आहे ते संगणक दाखवायचा.

एका दुपारी त्यानं चौदावा किलोमीटर दाखवला. पण तिथं पाणी कमी होत नव्हतं, वाढत होतं.

मापकात बिघाड असेल, म्हणून लॅपटॉप घेऊन ती जीपनं तिथं गेली. सोबत जुने लाइनमन ग्यानोबा होते. चहूकडं भेगाळलेलं रान होतं. विहीर नाही, ओढा नाही, कुठली जोडणीही नाही. तिनं फोन करून मागचा व्हॉल्व्ह बंद करायला लावला. तासाभरात वाहिनी रिकामी व्हायला हवी होती.

तास झाला. पडद्यावर आत शिरणारं पाणी शून्य होतं, बाहेर पडणारं मात्र पहिल्याइतकंच.

उन्हानं दगड तापले होते, तरी पाइपावर दव धरलं होतं. तिनं कान लावला. आत पूर आलेल्या नदीसारखा घोष होता.

"मामा, कुठून येतंय हे?"

ग्यानोबांनीही कान लावला.

"येत न्हाई, मॅडम," ते हळूच म्हणाले. "कुणीतरी सोडायलंय."

आणि त्यांनी तापल्या मातीत पायातल्या चपला काढून ठेवल्या.