अंधुक जोडी

“कुठली जोडी लावलीस ते सांगू नको,” दुर्बिणीची शिडी चढता चढता रवळू म्हणाला. “सांगितलंस की मी आठवणीतलंच बघीन.”

मनिषाने लाल बॅटरी विझवली. संकेश्वरच्या पलीकडच्या या माळावर बहीणभाऊ अमावास्येच्या सुमाराला यायचे, दूरच्या दीर्घिकांच्या जोड्या बघायला. दुर्बिणीचा अठरा इंची आरसा दोघांनी मिळून घासला होता. ती हिंडलग्याच्या शाळेत शिकवून आल्यावर, तो फाउंड्रीतली पाळी संपवून. गेल्या पावसाळ्यात रवळूच्या उजव्या डोळ्याचा पडदा सरकला. डावा लहानपणापासूनच अधू. ऑपरेशननंतर पेपर वाचता येऊ लागला, गाडीही चालवता येऊ लागली. अंधुक उजेडातलं कितपत दिसेल, हे मात्र डॉक्टरांनाही सांगता आलं नव्हतं.

त्याने डोळा लावला. आधी थेट बघितलं, मग सवयीप्रमाणे नजर जरा तिरकी करून, अंधुक गोष्ट तशीच पकडता येते म्हणून. मनिषा खाली शिडी धरून उभी होती.

“चांदण्या दिसत्यात,” बऱ्याच वेळाने तो म्हणाला. “दुसरं काय न्हाय.”

“डोळा रुळू दे, अण्णा.”

“मघापासनं अंधारातच हाय की.”

तो आणखी थोडा वेळ थांबला. मग खाली उतरला आणि गवतातच बसला.

“दुर्बीण तुझ्या शाळंला ने,” तो म्हणाला. आवाज अगदी साधा होता. “पोरं बघतील. माझं झालं.”

काहीतरी करायचं म्हणून मनिषा शिडीवर चढली. डोळा लावला. नजर इकडून तिकडून फिरवली.

“अण्णा.”

“काय?”

“मला बी काय दिसंना.”

“म्हंजे?”

“म्हंजे हितं काय न्हायच. मी भलत्याच ताऱ्यापासनं दुर्बीण सरकवली बघ.” तिला हसू आलं, आणि हसता हसताच डोळे पुसावे लागले.

रवळू हसला नाही. “नीट लाव,” एवढंच म्हणाला.

तिने पहिल्यापासून सगळं पुन्हा केलं. या वेळी स्वतः खात्री करून घेतली आणि मगच खाली आली. तो वर चढला. खालच्या रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज विरला, तरी त्याचा डोळा दुर्बिणीलाच.

“दोन हायत,” रवळू हळूच म्हणाला. “धुरासारख्या. एका अंगाला एकमेकींत शिरल्यात. दुसरीकडं फट हाय, काळी.” त्याने नजर आणखी तिरकी केली. “हस्त नक्षत्रातली जोडी लावलीस व्हय गं?”

“व्हय.” तिने शिडी इतकी घट्ट धरली होती की बोटं बधिर झाली होती. आता ती सोडून तिने हात झटकले. “उतर की आता. मला बघू दे.”

“थांब जरा,” डोळा न काढताच रवळू म्हणाला. “आत्ताशी आल्यात.”