दोन राउटर

टॅबवर गोल चक्र फिरतच होतं. ‘आयपी ॲड्रेस मिळवत आहे.’

“एरियल इथं असता तर एका मिनिटात केलं असतं,” झिल्पाबाई म्हणाल्या.

नाथनने आईचं बोलणं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. एरियल त्याचा धाकटा भाऊ, कित्येक वर्षं इस्राएलात. दर शुक्रवारी दुपारी, शब्बाथचा विश्रांतीचा दिवस लागायच्या आत, त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. आज आई सकाळपासून नवी साडी नेसून पलंगावर बसली होती. सूर्य बुडाला की ती टॅबला हात लावणार नव्हती. आणि पनवेलचा केबलवाला ‘उद्या बघतो’ म्हणून मोकळा झाला होता.

घरात राउटर दोन. बाहेरच्या खोलीतला जुना, नाथनने बसवलेला. आईच्या उशाशी नवा, एरियलने एका पाहुण्याबरोबर पाठवलेला. कालच जोडला होता, आणि आईने तेवढ्यात शेजारच्या शशिकलाबाईंना बोलावून दाखवलाही होता.

नाथन लॅपटॉप घेऊन जमिनीवर बसला. वायरी काढल्या, पुन्हा लावल्या. बराच वेळ झटल्यावर घोळ कळला. दोन्ही राउटर आपापल्या मर्जीने घरभर आयपी पत्ते वाटत होते. जुन्याने टीव्हीला दिलेला पत्ताच नवा आईच्या टॅबला देत होता. दोघांपैकी एकाला गप्प बसवायला हवं होतं.

त्याने नव्याचं पत्ते वाटणं बंद केलं. बंद करताना त्याला बरं वाटलं. जरा जास्तच.

लगेच रिंग वाजली.

“एरियल! अरे, तू पाठवलेला डबा काय छान चालतो!” आई म्हणाली.

नाथनचा जळफळाट झाला. तो वायरी गुंडाळू लागला.

“नाथन, पाठीला उशी दे रे,” टॅबवरची नजर न काढता आई म्हणाली.

त्याने तिच्या पाठीमागून हात घातला, तिला अलगद वर उचललं, उशी सरकवली. पलीकडून आवाज येईना. पुन्हा गेलं की काय, म्हणून त्याने टॅबकडे पाहिलं. एरियल टक लावून बघत होता.

“नेट गेलं का?” नाथनने विचारलं.

“नाही,” एरियल म्हणाला. “हाताला कशी लागते रे आई? हलकी झालीय?”

“काहीतरीच विचारतोस,” आई हसली.

नाथनचा हात अजून आईच्या पाठीमागेच होता. त्याने तो काढला नाही.