अडकणारा खण

"बाबा, आपल्या बदलीची ऑर्डर आलीय का?"

चैत्रालीने एकदाचं विचारून टाकलं. पौलमी आणि तितली या मैत्रिणींनी शाळेत पैजच लावली होती, हिंमत असेल तर घरी विचारून दाखव! वक्तृत्वाची ढाल आणणारी आणि बारावीत वक्तृत्व संघाची कॅप्टन होणारी मुलगी एवढ्याशा प्रश्नाला घाबरते, हे त्यांना पटतच नव्हतं. त्यांना काय ठाऊक! कस्टम्समधल्या अविनाश खऱ्यांच्या घरात हा प्रश्न कुणी विचारत नसे. उत्तर थेट ट्रक होऊनच दारात यायचं.

बाबांनी पेपरातून डोकंही वर काढलं नाही. "तुझा खण बसला का?"

नव्हता बसला! बाल्कनीत तिचं खणांचं कपाट उभं होतं. कोलकात्याच्या खिदिरपूर गोदीतल्या खोक्यांच्या फळ्या आणून, तासून, घासून तिने ते स्वतः केलं होतं. तीन खण शहाण्यासारखे आत-बाहेर करायचे. चौथा अर्ध्यावर तिरका होऊन रुसून बसायचा. रंधा मारून झाला, मेण चोळून झालं. आज तिने त्याला लाथच घातली.

"काय फुटलं गं?" आईने आतून विचारलं.

"माझं नशीब!"

या घरात सगळ्यांचे कपडे पत्र्याच्या पेट्यांत राहायचे. हवा तो कुर्ता हमखास तळाशी. काल ठेवलेलं आज तिथेच सापडेल अशी एक तरी जागा तिला हवी होती. सुतारकामाचा नाद बाबांचाच, शिकवलंही त्यांनीच, आणि त्यासोबत घरचा कायदाही. प्रत्येक लाकडी वस्तू स्क्रूंवर उभी राहणार, आणि वापरण्याआधी ती पूर्ण खोलून, परत जोडून दाखवायची. पलंग, टेबल, अगदी देवघरसुद्धा या परीक्षेतून गेलं होतं. फेविकॉलला बंदी. चैत्रालीचं कपाट मात्र दर वेळी नापास. मग पुन्हा खोला, पुन्हा जोडा. दर वेळी चौथा खण आधीपेक्षा जास्त अडायचा.

बाबा शेवटी उठून आले. त्यांनी कपाट हलवून पाहिलं. "सांगाडाच डुगडुगतोय. लाकूड मऊ आहे. त्याच त्या भोकात स्क्रू पिळत राहिलं की भोक मोठं होतं. पकड जाते."

"म्हणजे खणाची काही चूक नाही?"

"छे, खण झकास आहे."

"मग सांध्यांना फेविकॉल लावू ना!"

"वेडी की काय! पुढच्या महिन्यात ट्रकमध्ये चढवायचं कसं?"

बोलून गेले आणि बाबांनी पटकन दाराकडे पाहिलं. आई ओले हात घेऊन दारात आली होती. "अहो, परीक्षा होईपर्यंत सांगायचं नाही असं ठरलं होतं ना आपलं?"

चैत्राली रडली नाही, ओरडलीही नाही. त्यानेच दोघं जास्त घाबरले. ती बाल्कनीत उभी राहून बराच वेळ फोनवर बोलली. मग तिने कपाट खोललं, एकेका सांध्यात फेविकॉल भरला आणि सगळं परत जोडलं. माळ्यावरून सामान बांधायचा दोर काढला. हा दोर आजवर फक्त गाव सोडतानाच खाली यायचा. तिने तो कपाटाभोवती गुंडाळला आणि लाटणं अडकवून पीळ देत देत करकचून आवळला. बाबांनी पाहिलं. राग निघतोय, निघू दे, असं त्यांना वाटलं.

सकाळी तिने दोर सोडला. चौथा खण एका बोटाने ओढला. आला! ढकलला. गेला!

"वा!" बाबांच्या तोंडून निघून गेलं. मग त्यांनी सांध्यावरून अंगठा फिरवला आणि त्यांचा चेहरा पडला. "पण चैतू, आता हे सुटं कसं करायचं?"

"करायचंच नाही, बाबा. संध्याकाळी पौलमीचे काका हातगाडी घेऊन येतायत. हे अख्खंच्या अख्खं तिच्या खोलीत जाणार. तिच्या आईने, काकीमांनी, हो म्हटलंय. बारावी मी तिच्याकडे राहून इथेच करणार."

आईही बाल्कनीत आली. चैत्रालीने तो खण पुन्हा उघडला. मोकळाच होता.

"आणि भेटायला याल तेव्हा पेटी आणू नका. हा खण तुमच्या दोघांचा."