गुलाबांची कलमं

निवृत्तीनंतर घर खायला उठलं, तसे साळगावकर यंत्राने डोक्यात नवं ध्येय बसवून घ्यायला हेमलताच्या केंद्रात आले. नोकरीत असताना कारखान्यातर्फे हेच काम ते स्वतः करत.

"बागकाम द्या, बाई," खुर्चीत रेलून ते हसले. "आमच्याकडच्या विधवांना मी तेच द्यायचो. गप्प बसायच्या हो!"

त्या विधवांमध्ये हेमलताची आई होती. कारखान्यातला बॉयलर फुटून बाबा गेले, आई कोर्टात जायला निघाली, तेव्हा याच माणसाने गोड बोलून तिच्या डोक्यावर यंत्राची टोपी चढवली होती. आता बाबांचा विषय काढला की आई म्हणते, "झालं गेलं, कात्री दे गं. कलमं करायचीत."

"दुखेल का?" साळगावकरांनी विचारलं.

"आईला नाही दुखलं," म्हणत हेमलताने टोपीचा पट्टा आवळला.

दुसऱ्या सकाळी साळगावकर कारखान्याच्या फाटकावर हेमलताने दिलेला बाबांचा फोटो छातीशी धरून गर्जत होते, "बॉयलर गळतोय हे मालकाला ठाऊक होतं! मलाही ठाऊक होतं!"

दुपारी त्यांच्या बायकोचा फोन आला. "अहो, घसा बसला त्यांचा, तरी थांबत नाहीत. काढा ते डोक्यातलं!"

"काढीन की, वहिनी," हेमलता म्हणाली. "मालकाला बेड्या पडू देत."