गळ्यातलं कार्ड

"बांगड्यांना हात लावू नका. माणूस घरी आल्याबिगर काहीच करायचं न्हाई."

सत्यशीला मध्येच आडवी बसली. गोजरबाईंनी दैवशालाकडे पुढे केलेला हात मागे घेतला. गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या त्या. रीत त्यांना ठाऊक. पण दैवशालाच्या घरात आज सत्यशीलाचं चालत होतं. दोघींचे नवरे मंठ्याच्या बाजारात भागीदारीत बियाण्याचं दुकान चालवत. कंपनीच्या पिशव्या खूप विकल्या, म्हणून कंपनीने दोघांना अंदमानला नेलं होतं.

सकाळी कंपनीच्या माणसाचा फोन आला. पाठीला हवेची टाकी बांधून समुद्रात स्कूबाला उतरलेला दैवशालाचा रामप्रसाद वर आला तेव्हा त्याच्यात श्वास नव्हता. गळ्यात प्लास्टिकचं पाकीट होतं. पाकिटात आधार कार्ड, विम्याची चिठ्ठी. दोन्ही कोरडी. ओळखीची काही अडचण नाही, ताईंनी काळजी करू नये.

"पाण्याला भिणारा माणूस," गोजरबाई म्हणाल्या. "तलावात पाय घालत नव्हता. समुद्रात कशाला उतरला?"

दैवशाला रडली नव्हती. ती संथ फिरणाऱ्या पंख्याकडे पाहत होती. पंख्याचं एक पातं बाकीच्या दोन पात्यांपेक्षा मळकं होतं. ती तेच पातं पाहत होती.

"एक घास खा." सत्यशीलाने ताट पुढे सरकवलं. घरून पिठलं-भाकरी करून आणली होती. "माझ्यासाठी खा."

"नको वहिनी."

"आमचे हे हायेत ना तिथं. भाऊजी एकटे न्हाईत. हे घेऊनच येतील बराबर. फोन तेवढा बंद येऊन राह्यला. कुठंतरी कोपऱ्यात रडत बसले असतील. लई कच्च्या मनाचे. घरात कोंबडी कापायची म्हणलं तर बाहेर जाऊन उभे राहतात."

जमलेल्या बायांपैकी एक-दोघी हसल्या. लगेच पदर तोंडाला लावला.

दैवशालाच्या मांडीवरचा फोन वाजला.

अंगद भाऊजी.

नवऱ्याचं नाव आधी सत्यशीलाला दिसलं. "लागला एकदाचा! उचल. विचार, निघाले का."

"हॅलो."

"दैवशाला, मी बोलून राह्यलो."

आवाज अंगदचा नव्हता.

"मी. रामप्रसाद."

पंखा फिरत होता.

"मी पाण्यात उतरलोच न्हाई. हिंमत झाली न्हाई. अंगदचं आधार अन् विमा, सगळं मोबाइलमधी. मोबाइल बंद पडला. कार्डाबिगर होडीवाले घेईनात. मंग माझं पाकीट त्याच्या गळ्यात घातलं. व्हिडिओ काढायला माझा फोन बी त्यालाच दिला. त्याचा इथं हाटेलात चार्जिंगला लावला अन् झोपलो. उठलो तर ही भानगड. कंपनीवाला दोघांपैकी कुणालाच तोंडानं ओळखत न्हाई. आता दवाखान्यात जाऊन पाह्यलं. दैवशाला, पाकीट माझं हाय, पण माणूस..."

"हो," दैवशाला म्हणाली.

"ऐकू येऊन राह्यलं का?"

"हो."

"सत्यशीला वहिनीला तू..."

"हो."

सत्यशीलाने हात पुढे केला होता. "दे ना मला जरा. दोन शब्द बोलते, मंग तू बोल."

दैवशालाने फोन बंद केला. पूर्ण बंद. पडदा काळा होईपर्यंत बटण दाबून धरलं.

"रेंज गेली."

"जाऊ दे. काय म्हणले?"

सगळ्या बाया तिच्याकडे पाहू लागल्या. आपला नवरा जिवंत आहे. हे वाक्य दैवशालाने मनात म्हणून पाहिलं. काही झालं नाही. परत म्हटलं. आपला नवरा जिवंत आहे. दुसऱ्या कुणाच्या तरी घरची बातमी असावी, तसं ते वाक्य आलं आणि गेलं.

"वहिनी, तुम्ही जेवलात का?"

"मी? मला कुठं सुचतंय जेवायला?"

"सकाळपासून काहीच न्हाई?"

"चहा घेतला की पहाटे."

"ताट आणा इकडं."

खोलीतून एक सुस्कारा फिरला. "जेवते म्हणती," कुणीतरी मागे सांगितलं. "बरं झालं माय. खाल्लं पाहिजे."

दैवशालाने भाकरी मोडली. पिठल्यात बुडवली. घास उचलला आणि सत्यशीलाच्या तोंडापाशी नेला.

"हे काय करून राह्यली?"

"तोंड उघडा."

"अगं, मी घरी जाऊन खाते ना. तू खा."

"घरी न्हाई. हितंच. माझ्यासमोर."

सत्यशीलाने तोंड उघडलं. चावता चावता थांबली. डोळ्यांत पाणी होतं तरी हसली. "बाई बाई! पिठल्यात मीठच न्हाई! अन् मी मघापासून तुझ्या मागं लागले, खा म्हणून."

"चांगलं झालंय."

"काय चांगलं? हे असते तर ताट सरकवून दिलं असतं." तिने दुसरा घास घेतला. मग तिसरा. भूक लागली होती तिला. "सांग ना आता. काय म्हणले? कधी निघून राह्यले?"

"सांगते. आधी खा."

"रडत होते का?"

"खा वहिनी."

गोजरबाईंनी दैवशालाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. काळ्या फोनकडे पाहिलं. मग बराच वेळ सत्यशीलाकडे. गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या आणि त्यांनी रस्त्याकडचं दार आतून लोटून घेतलं. मग सत्यशीलाच्या पाठीमागे येऊन टेकल्या, अगदी जवळ.

भाकरीचा एकच तुकडा उरला. दैवशालाने त्याचे दोन केले. एक भरवला. उरलेल्याचे पुन्हा दोन केले.